नाव घातलेली कळशी

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंना बागबाजारची सगळी गल्ली 'माशी' म्हणायची. बंगालीत माशी म्हणजे मावशी. पण माझ्या आईच्या तोंडून ते काही केल्या निघेना. "मेलं, चांगल्या माणसाला माशी काय म्हणायचं!" असं म्हणून तिने पहिल्याच आठवड्यात त्यांची 'मावशी' करून टाकली. मावशी तिला 'बौदी' म्हणत, म्हणजे वहिनी. एक मावशी, एक वहिनी. नात्याचा हा गुंता दोघींपैकी कोणालाही कधी खटकला नाही.

माझा जन्म त्याच गल्लीतला. वडील गणिताचे मास्तर. तरुणपणी नोकरीसाठी पुण्याहून कलकत्त्याला आले आणि इथलेच झाले. ते गेल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या त्या भाड्याच्या दोन खोल्यांत आई आणि मी अशा दोघीच उरलो. मी डलहौसीतल्या एका केंद्र सरकारी कचेरीत स्टेनो होते. माझं मराठी आईच्या मते मोहरीच्या तेलात तळून काढलेलं. बंगालीत पाणीसुद्धा 'खातात', म्हणून लहानपणी मी 'पाणी खाल्लं' म्हणायचे आणि ती कपाळावर हात मारून घ्यायची. शेजारचे म्हातारे दादा दर विजयादशमीला मिठाई घेऊन आले की त्यांचा एक विनोद ठरलेला असे. मराठ्यांची स्वारी अडवायला खणलेला जुना खंदक आमच्याच भागातून सुरू व्हायचा म्हणे. "तुम्हाला अडवायला एवढं खणून ठेवलं, तरी आलात ते आलातच," असं दादा म्हणत आणि आम्ही दर वर्षी नव्याने हसत असू.

मावशी राहायच्या गल्लीच्या टोकाला, कालव्याच्या काठावर. बांबूच्या चटयांच्या भिंती, वर फुटक्या कौलांचं छप्पर, पावसाला थोपवायला त्यावर टाकलेलं ताडपत्रीचं ठिगळ. फाळणीनंतर त्या पलीकडून, पूर्व बंगालमधून आल्या होत्या. तिकडे अंगण होतं, तळं होतं, सासऱ्यांनी बांधलेलं चौपाखी घर होतं. इथे आल्यावर नवरा हमाली करत होता तोवर बरं चाललं. मग त्याचं अर्धं अंग गेलं. तेव्हापासून तो खाटेवर. मावशी सकाळी त्याला भरवून कामाला निघत, दुपारी धावत घरी जाऊन त्याची कूस बदलून येत आणि पुन्हा उरलेल्या घरची भांडी उरकत. गल्लीपासून काठ जवळ होता म्हणून हे सगळं जमत होतं.

पूर्वेकडची लढाई संपून थोडाच काळ झाला होता, तेव्हाची ही गोष्ट. कालव्यातला गाळ काढायचा, त्यासाठी काठ मोकळा करायचा, अशी बोलवा उठली. काठाजवळच एक सरकारी इमारत उठत होती, आपल्याकडच्या चाळीसारखी, एकेका खोलीची. जे खरोखर बेघर ठरतील त्यांना तिथे खोली मिळणार होती. बाकीच्यांना बेहालाच्याही पलीकडे माळावर नेऊन सोडणार, असं लोक म्हणत. बेहाला म्हणजे शहराचं दुसरं टोक. तिथून रोज बागबाजारला येणं मावशींना शक्य नव्हतं, आणि खाटेवरच्या माणसाला दिवसभर एकटं ठेवणं तर नव्हतंच. मावशींना एक खोली हवी होती, पायी कामाला जाता येईल इतक्या जवळ. देवाला हात जोडतानाही त्या तेवढंच मागत, आणि ते मला माहीत होतं, कारण त्या मोठ्याने मागत.

त्या हिवाळ्यात दिल्लीहून संसदेची एक समिती आली. घरांचा प्रश्न, बेघरांचा प्रश्न, यावर साक्षी घ्यायच्या आणि मग संसदेला अहवाल द्यायचा, असं तिचं काम. समितीला बंगाली, हिंदी आणि इंग्रजी तिन्ही येणारं माणूस दुभाषी म्हणून हवं होतं. आमच्या साहेबांनी मला पुढे केलं. मला बढती मिळाल्यासारखं वाटलं. आईने तर महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला भेटणाऱ्या प्रत्येकीला पत्र टाकायचंच काय ते बाकी ठेवलं.

साक्षी एका सरकारी सभागृहात झाल्या. लांबलचक टेबल, पांढरी चादर, पाण्याचे पेले आणि त्यांवर झाकण्या. अध्यक्ष वयस्कर होते, खादीतले, बोलायला मऊ. समितीत एक बाई होत्या, हिंदी मुलखातल्या, त्या सतत काहीतरी विणत असत आणि विणता विणता नेमका प्रश्न विचारत. मला त्या आवडल्या होत्या. साक्षीदार मात्र बहुतेक साहेबलोक. दोन दिवस मी एकच चर्चा या भाषेतून त्या भाषेत नेऊन टाकत होते: बेघर कोणाला म्हणायचं? एका इंजिनियरांचं म्हणणं होतं की वर छप्पर असेल आणि तीन बाजू बंद असतील तर ते घर धरावं. दुसऱ्यांनी विचारलं, दार हवं की नको? यावर चहा येईपर्यंत ऊहापोह झाला. कालव्याचा विषय निघाला तेव्हा एका अधिकाऱ्याने शांतपणे सांगितलं की काठ उंच असल्यामुळे पावसाळ्यात पाणी झोपड्यांत शिरत नाही.

माझं डोकंच फिरलं. दर श्रावणात मावशी ओल्या साडीने कामाला येत आणि आई त्यांना आपलं लुगडं नेसायला देत असे. खाट विटांवर चढवून, त्यावर नवरा, त्याच्या उशाशी चूल आणि तांदळाचं मडकं, असा त्यांचा संसार चालायचा. चटईच्या भिंतीवर गुडघ्याच्या वर पाण्याची काळी रेघ उमटलेली होती. वर्षानुवर्षांची, एकावर एक चढलेली. मी ती पाहिली होती. पण दुभाष्याने साक्ष द्यायची नसते. मी त्या अधिकाऱ्याचं वाक्य जसंच्या तसं हिंदीत सांगितलं आणि खाली बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी समिती कालवा पाहायला जाणार असं ठरलं. वाटेवरच्या दोन-चार झोपड्यांत आत जाऊन बघायचं होतं आणि मावशींची झोपडी अगदी तोंडाशीच. समितीबरोबर आलेले अंडर सेक्रेटरी सगळी व्यवस्था बघत. मी त्यांना आपण होऊन सांगितलं की तिथली एक बाई आमच्या घरी कामाला येते. ते म्हणाले, "मग तर फारच छान. बाई मोकळेपणाने बोलेल." आणि त्यांनी पुढच्या गाडीची चौकशी सुरू केली.

संध्याकाळी घरी येऊन मी मावशींना बजावलं. "काही करू नका. घर जसं आहे तसंच राहू दे. ते आले की भिंतीवरची पाण्याची रेघ दाखवायची. बास."

मावशींनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "दिदिमणी, दिल्लीहून माणसं येणार. माझ्या घरात येणार. आणि मी त्यांना चिखलाचा डाग दाखवू?"

"हो. तोच दाखवायचा."

"आणि बसायला काय देऊ?"

हा प्रश्न आईने ऐकला आणि मी तिथेच हरले. आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर जे तेज आलं होतं ते मी चांगलं ओळखत होते. मला बघायला मुलाकडची मंडळी यायची असली की ते यायचं.

इथे थोडं सांगायला हवं. कलकत्त्यात आपली माणसं मूठभर. त्यामुळे कोणाच्याही घरी मुलगी दाखवायचा कार्यक्रम असला की सगळ्या मराठी घरांतलं चांगलंचुंगलं त्या एका घरात गोळा व्हायचं. फोर्ट विल्यमला बदलून आलेल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या बायकांकडून कपबश्या, बँकेतल्या वहिनींकडून भरतकामाची चादर, कोणाकडून चांदीचं अत्तरदाणी-गुलाबदाणीचं जोडकं. या उसनवारीत भांड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकीने आपल्या भांड्यावर नाव घालून घेतलेलं असे. माझ्यासाठी हे सगळं कितीदा मांडलं गेलं ते मी मोजलं नाही. पाहुणे यायचे, उसन्या कपातून चहा प्यायचे, उसन्या चादरीवर बसायचे आणि 'कळवतो' म्हणून जायचे. पण आईचा त्या मांडणीवरचा विश्वास कधी ढळला नाही. माणसं घरी येणार, तर घर घरासारखं दिसलं पाहिजे. नाहीतर त्यांनी आपल्याला द्यावं तरी का?

"अगं, ते दया करायला नाही, चौकशी करायला येताहेत," मी मराठीत ओरडले. "घर चांगलं दिसलं तर म्हणतील, हिला काय धाड भरली आहे?"

"तू गप्प बस. चिंध्या बघून कोणी जवळ करत नाही. चांगली माणसं आहेत, नीटनेटकी राहतात, असं दिसलं की देणाऱ्याचा हात सुटतो." मग तिच्या त्या मोडक्या बंगालीत मावशींना म्हणाली, "तुम्ही काळजी करू नका. मी आहे."

तिने ट्रंक उघडली. निळ्या फुलांची सोलापुरी चादर काढली. वडिलांचा धुऊन ठेवलेला सदरा आणि धोतर काढलं. मी माझ्या रुखवतासाठी भरलेला उशीचा अभ्रा काढला, ज्याला वाट बघून पिवळेपणा आला होता. शेवटी देवघराशेजारची पितळी कळशी उचलली, तिच्या लग्नातली. मावशी ती रोज घासत असत. आता त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली तेव्हा एकदम नव्या सुनेसारख्या दिसल्या. आमच्या दोघींच्या वादाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. आईशी वाद घालणं सोपं होतं. त्या चेहऱ्याशी मला वाद घालता आला नाही.

सकाळी काठावर पोचलो तेव्हा ऊन नुकतं वर आलं होतं. मावशींच्या दारापुढे जमीन सारवलेली होती आणि तांदळाच्या पिठाची आल्पना काढलेली होती, वेलबुट्टीची, लक्ष्मीपूजेला काढतात तशी. समितीची मंडळी ती चुकवत, उड्या मारत आत गेली. आत खाटेवर मावशींचा नवरा माझ्या वडिलांच्या सदऱ्यात, दाढी केलेला, माझ्या भरतकामाच्या उशीला टेकून बसवलेला होता. तो हसत होता. त्याच्या तोंडाची एक बाजू हलत नसे, पण दारातून पाहणाऱ्याला तो नुसता आरामात बसलेला वाटला असता. कोपऱ्यात कळशी झगझगत होती. आणि मागच्या भिंतीवर, वरपासून खालपर्यंत, निळ्या फुलांची चादर ताणून बांधली होती. रेघेचा मागमूस नव्हता. आईने आणि मावशींनी मिळून ती बरोब्बर झाकली होती, जसा माझा गालावरचा देवीचा वण आई पावडरने झाकायची.

मावशींनी सगळ्यांना बत्तासे आणि पाणी दिलं. अध्यक्षांनी एक बत्तासा तोंडात टाकला. बाकीच्यांनी हातात धरून ठेवला.

"पाणी शिरतं का हो घरात?" अध्यक्षांनी हिंदीत विचारलं. मी बंगालीत विचारलं आणि डोळ्यांनी भिंतीकडे खूण केली.

मावशींनी खूण पाहिली. मग त्यांनी पाहुण्यांकडे पाहिलं. "थोडंसं," त्या संकोचून म्हणाल्या. "पावसाळ्यात कोणाकडे येत नाही?"

घरी आलेल्या माणसाला आपलं गाऱ्हाणं सांगायचं नाही, हे त्यांना कोणी शिकवलं असेल? त्या सासऱ्यांच्या चौपाखी घरातच शिकल्या असतील. मी ते वाक्य हिंदीत सांगितलं. दुसरं काय सांगणार?

विणकाम करणाऱ्या बाई तोवर कळशीपाशी वाकल्या होत्या. "भांडं सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "कोणाचं?"

"आमार," मावशी म्हणाल्या. माझी.

बाईंनी कळशी उजेडाकडे फिरवली. गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं. आईचं, सौभाग्यवतीसकट, वडिलांचं आणि आमचं आडनाव. काठावर देवनागरी वाचणारं कोणी नव्हतं. दिल्लीहून आलेल्या मात्र सगळ्यांनाच ती लिपी येत होती, आणि हे आईच्या, माझ्या, कोणाच्या म्हणून डोक्यात आलं नव्हतं. बाईंनी एकेक अक्षर जुळवत नाव मोठ्याने वाचलं. मग मला म्हणाल्या, "हिला विचारा, हे काय लिहिलंय?"

मी विचारलं. मावशी गोंधळल्या. "लिहिलंय कुठे? ती नक्षी आहे." इतकी वर्षं चिंच लावून त्या ते ठिपके घासत होत्या, त्यांना ती नक्षीच वाटत होती.

समितीच्या बंदोबस्ताला आलेल्या, दारात उभ्या पोलिसाने हातातली काठी या हातातून त्या हातात घेतली. एवढंच केलं त्याने. मावशींनी ते पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं ते नव्या सुनेचं पाणी उतरलं. दुसऱ्याच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईच्या झोपडीत दुसऱ्याच्या नावाचं भांडं. आता ते उसनं आणलंय म्हटलं तर कोण ऐकणार होतं? "माझीच आहे," त्या पुन्हा म्हणाल्या. "सासरची आहे. तिकडून येताना आणली."

"साहेब, ती आमची आहे," मी न राहवून बोलले. "माझ्या आईने आज वापरायला दिली. या आमच्याकडे काम करतात. चोरीबिरी काही नाही."

अध्यक्षांनी माझ्या छातीवरच्या नावाच्या बिल्ल्याकडे पाहिलं, मग कळशीकडे. आडनाव एकच. "म्हणजे साक्षीदार तुमच्या घरातली?" त्यांनी मऊ आवाजात विचारलं.

"मी काल कळवलं होतं साहेब." मी अंडर सेक्रेटरींकडे पाहिलं. ते आपल्या बुटाला लागलेल्या तांदळाच्या पिठाकडे बघत होते. ते बघतच राहिले.

अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. आजही मी तसं म्हणणार नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "मग तुमच्या तोंडून आलेलं हिचं बोलणं आम्हाला नोंदीत घेता येणार नाही. नियमाला धरून होणार नाही ते. आणि घरही, तुम्हीच बघा, मांडून ठेवलेलं आहे."

"साहेब, ती चादर जरा बाजूला करून—"

"चादरपण तुमचीच का?" मागून कोणीतरी विचारलं आणि सगळे हसले. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता. काठावर उतरल्यापासून नाकाला रुमाल लावलेल्या माणसांना हसायला एक निमित्त मिळालं इतकंच. मंडळी वाकून एकेक करत बाहेर पडली. पुढच्या झोपडीत ती गेलीच नाहीत. उशीर झाला होता. काठावर जमलेल्या लोकांनी विचारलं तेव्हा अंडर सेक्रेटरी म्हणाले, "कळवू."

मी मागे राहिले. खाटेवरचा माणूस अजून हसत होता, त्याला कळलं नव्हतं किंवा तोंड तसंच राहिलं होतं. मला एवढा राग आला होता की तो कोणावर काढावा हे कळेना. "कशाला म्हणालात माझी?" मी मावशींवरच खेकसले.

त्या खाली बसून आल्पना पुसत होत्या, पायांनी फिस्कटलेली. "पोलीस उभा होता, दिदिमणी," त्या म्हणाल्या. मग फडकं पिळून म्हणाल्या, "पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मात्र पोलीस डोक्यात नव्हता. सकाळी उठले, ती तिथे कोपऱ्यात दिसली. वाटलं, आहेच की माझी."

घरी गेल्यावर मी आईला सगळं सांगितलं. जरा जास्तच चढ्या आवाजात सांगितलं. एरवी माझ्या एका शब्दाला तिचे चार असत. त्या दिवशी ती जेवली नाही आणि मला आग्रहही केला नाही. दुसऱ्या दिवशी भाजी चिरता चिरता एकदम म्हणाली, "मी तिचं भलं करायला गेले गं." मी हो म्हणाले. तेवढं म्हणण्यापुरताच माझ्याकडे चांगुलपणा उरला होता.

अहवाल यथावकाश छापून आला. कचेरीच्या वाचनालयात मी तो पाहिला. कालव्याबद्दल त्यात एवढंच होतं की समितीने काठाला भेट दिली आणि तिथल्या वस्तीची अवस्था एकंदरीत बरी आढळली. समितीने चादरीमागचं पाहिलं असतं तरी काय झालं असतं, कोण जाणे. कदाचित जे झालं तेच झालं असतं. स्वतःची समजूत घालायला हे वाक्य मी अनेक वर्षं वापरलं, पण मला ते कधी पुरलं नाही.

उन्हाळा सुरू झाला आणि वस्ती हलवायला काठावर ट्रक आले. आदल्या दुपारी मावशी सगळं परत करायला आल्या. चादर धुऊन, घडी घालून. सदरा, धोतर, अभ्रा. कळशी चिंचेने घासून लख्ख केलेली. त्या दिवसापासून ती त्यांच्याकडेच राहिली होती, आईने मागितली नव्हती.

आईने चादर घेतली, कळशी पुन्हा त्यांच्या हातात दिली. "ही तुमची. मी देतेय. न्या."

मावशींनी ती जमिनीवर ठेवली. "नको बौदी. वर तुमचं नाव आहे. जाईन तिथे कोणीतरी वाचेल."

आईने त्यांना जवळ घेतलं. दोघी उंचीने सारख्याच. मी खिडकीतून खाली बघत उभी राहिले. मावशी जिना उतरून गेल्या आणि वळून त्यांनी वर पाहिलं नाही. दुपार झाली होती, नवऱ्याची कूस बदलायची वेळ.

आईच्या मनाने मात्र घेतलं. काही महिन्यांनी, दुर्गापूजा होऊन गेल्यावर, ती मला म्हणाली, "चल, कळशीवर तिचं नाव घालून घेऊ आणि देऊन येऊ. मग तर झालं ना?" आम्ही चितपूर रस्त्यावरच्या एका भांडीवाल्याकडे गेलो. म्हातारबाबांनी कळशी मांडीवर घेतली, आईच्या नावाखालची जागा बोटाने चाचपली, छिन्नी लावली आणि विचारलं, "बंगालीत घालायचं ना? नाव सांगा."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं.

काठावर त्या दिवशी इतके प्रश्न विचारले गेले, कळशीवरचं नावसुद्धा वाचलं गेलं. पण बाई, तुमचं नाव काय, हे कोणी विचारलं नव्हतं. आणि आमच्या घरात तर त्या इतकी वर्षं आपल्या हाताने पाणी घेऊन पीत होत्या, आजारपणात आईच्या उशाशी बसत होत्या.

"माशी," शेवटी आई म्हणाली. जो शब्द तिच्या तोंडून कधी निघत नव्हता तो तिने नीट, बंगाल्यासारखा म्हटला. भांडीवाल्याने मान वर करून एकदा पाहिलं आणि ठिपके घालायला सुरुवात केली.

एका रविवारी आम्ही बसने बेहालाला गेलो. तिथून पुढे रिक्षा, मग चालत. माळावर चटयांच्या झोपड्यांच्या रांगाच रांगा होत्या, कालव्याकाठच्यासारख्याच. फक्त कालवा नव्हता आणि शहरही नव्हतं. आई फडक्यात बांधलेली कळशी कडेवर घेऊन माझ्या पुढे चालत होती. बागबाजारच्या काठावरून आलेल्या माशी कुठे राहतात, असं मी विचारायचे. लोक विचारायचे, कोणती माशी? तिथे त्या वयाची प्रत्येक बाई माशी होती. नाव काय? सडपातळ आहेत, मी सांगायचे. नवरा अंथरुणावर आहे. भांडी फार सुंदर घासतात. हे शेवटचं मी का सांगत होते मलाच कळत नव्हतं. एका बाईने सांगितलं, असा एक अंथरुणावरचा माणूस पावसाळ्यात गेला. त्याची बायको त्यानंतर इथून निघून गेली. कुठे ते कोणाला सांगितलं नाही. तीच का, हे तिला सांगता येईना आणि आम्हालाही विचारता येईना.

परतताना बसमध्ये आईला जागा मिळाली. कळशी मांडीवर घेऊन ती खिडकीबाहेर बघत बसली आणि रडली. आवाज नाही, काही नाही. मी दांड्याला धरून तिच्याशेजारी उभी होते.

त्यानंतर आईने त्या कळशीत कधी पाणी भरलं नाही. देवघराशेजारी तिची जागा होती, तिथे ती पालथी असायची. दर शनिवारी आई ती स्वतः घासायची. नवीन बाई आल्या तरी त्यांना हात लावू द्यायची नाही. आई गेली, मी ते घर सोडलं, कळशी माझ्याबरोबर आली. आता कोणी मराठी माणूस घरी आलं की ती हातात घेतं, वरचं नाव वाचतं, मग खालच्या बंगाली अक्षरांवरून बोट फिरवत विचारतं, "आणि हे काय लिहिलंय?"

"जिची कळशी आहे तिचं नाव," मी सांगते.

"अच्छा. मग कुठे राहतात त्या?"

मी चहा टाकायला उठते.